अनुभव धागा: युद्धातल्या ट्रकवाल्यांच्या पलटणीतली वल्ली

युद्ध म्हटलं की आपल्याकडे इन्फंट्री, तोफखाना, विमानं यावर भरपूर बोललं जातं, पण त्या तोफेपर्यंत गोळा आणि मोर्च्यावरच्या जवानापर्यंत पीठ, डाळ, रॉकेल पोचवणारी आर्मी सर्व्हिस कोर, म्हणजे एएससी, आणि तिच्यातले एमटीवाले (मेकॅनिकल ट्रान्सपोर्ट, म्हणजे गाड्यांचं खातं) ट्रक ड्रायव्हर यांची आठवण फार कमी लोकांना असते. माझे वडील त्यातलेच. लढाईबद्दल घरी अवाक्षर काढायचे नाहीत, पण युनिटमधल्या एकेका नमुन्याबद्दल सांगायला बसले की आईला जेवायला चार हाका माराव्या लागायच्या. हसवणारी माणसं नसती तर त्या रस्त्यांवर कितीतरी जण मनाने आधीच खचले असते असं ते म्हणायचे, आणि मला ते शंभर टक्के पटतं. तुमच्या घरातल्या, युनिटमधल्या अशा वल्लींबद्दल इथे लिहा. खरी नावं नकोत, टोपणनावं चालतील.

सुरुवात मीच करतो. १९७१, त्रिपुरा. लढाई डिसेंबरात झाली पण सामान भरायचं काम त्याआधी ऐन पावसाळ्यापासून चालू होतं. रेल्वे धर्मनगरला संपायची, पुढे तेलियामुरा, आगरतळ्यापर्यंत सगळं ट्रकने, आणि मधे आठारामुरा, लोंगतराई अशा डोंगररांगा, रस्ता एकच, तोही चिखलात खचलेला. वडिलांचा को-ड्रायव्हर कोल्हापूरकडचा, तालमीत घडलेला, सगळे त्याला पैलवान म्हणायचे. तांदळाची दोन पोती एकदम उचलणारा हा गडी जळवांना मात्र जाम घाबरायचा. दोन्ही घोट्यांना मिठाच्या पुरचुंड्या बांधायचा, त्या घामाने आणि पावसाने विरघळायच्या, की लगेच लंगरमधे, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, नवीन मीठ मागायला हजर. शेवटी लंगरच्या हवालदाराने तक्रार केली की कंपनीची आमटी अळणी होतेय. सुबेदार साहेबांनी त्याला उभं केलं, बूट बघितले तर कातड्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा. त्यांनी विचारलं, दुश्मन समोर आला तर काय करशील रे? हा ताठ उभा राहून म्हणाला, साहेब त्याला दोन पाय असतात, तो दिसतो तरी! साहेबांनी तिथल्या तिथे त्याच्या नावावर वेगळं मीठ मंजूर केलं. आणि याच पैलवानाने एकदा दरड कोसळून कॉन्व्हॉय (ट्रकांचा ताफा) अडकला तेव्हा अंधारात गुडघाभर चिखलात उतरून चाकांखाली दगड लावले होते, पायावर जळवा चढत असताना मोठमोठ्याने मारुती स्तोत्र म्हणत.

खानदेशी

छान विषय. आमच्या काकांचं छोटंसंच आहे. १९६५, खेमकरण सेक्टर, ट्रक उसाच्या शेतात जाळ्या टाकून लपवलेले. त्यांच्यातला एकजण स्टेपनीवर डोकं ठेवून कुठेही झोपायचा आणि घोरणं असं की पहाऱ्यावरचा संत्री वैतागून सांगायला आला, याला उठवा नाहीतर शत्रूला वाटेल आपले टँक सुरू झाले. मग त्याला झोपेत कुशीवर वळवायची ड्यूटीच लागायची रात्रीची, गार्डच्या ड्यूटीसारखी, पाळीपाळीने.

माजी एमटी

मी स्वतः एएससीत होतो, ९९ ला कारगिलच्या वेळी सोनमर्गवरून झोजिला घाट चढून मटायन, द्रास अशी आमची लाईन होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तोलोलिंग वगैरे टेकड्या तेव्हा शत्रूच्या ताब्यात होत्या आणि तिथून खालचा हायवे सरळ दिसायचा, गाडी दिसली की गोळा यायचाच. त्यामुळे अंधार पडेपर्यंत मागे थांबायचं आणि मग लाईट बंद ठेवून निघायचं. गाडीत बोफोर्स तोफांचे १५५ एमएमचे गोळे, एकेक चाळीस किलोच्या वर. मागे काय भरलंय ते प्रत्येकाला माहीत असायचं त्यामुळे थांबलेल्या वेळात कुणी फारसं बोलायचं नाही.

आमच्यात यूपीचा एक नाईक होता, नाव पडलेलं आकाशवाणी. त्या वेळी इंग्लंडमधे वर्ल्डकप चालू होता. त्याच्याकडे ट्रान्झिस्टर होता पण त्या दरीत खरखरीशिवाय काही लागायचं नाही, तर हा पठ्ठ्या ट्रान्झिस्टर कानाला लावून स्वतःच कॉमेंट्री करायचा, पूर्ण मनाने, अगदी रेडिओवरच्या आवाजात. ८ जूनला मँचेस्टरला भारत-पाकिस्तान मॅच होती आणि आम्ही मटायनला अंधाराची वाट बघत उभे. सगळी पोरं दोन शक्तिमान ट्रकच्या मधे त्याच्याभोवती गोळा झाली. त्याने श्रीनाथला बोलिंगला लावलं आणि एकेक विकेट काढायला लागला. मधेच वरच्या वळणावर गोळा पडला, दगड गडगडत खाली आले, सगळे गाड्यांखाली. धूळ बसायच्या आत गाडीखालून आवाज आला, "दर्शकों में थोड़ी हलचल है, खेल थोड़ी देर में फिर शुरू होगा." माझ्या बाजूला एक नवीन पोरगा होता, नुकताच ट्रेनिंग सेंटरमधून आलेला, दुपारपासून त्याचे हात थरथरत होते. तो इतका हसला की डोळ्यातून पाणी आलं आणि त्या रात्री त्याने गाडी द्रासपर्यंत एकदम नीट नेली.

दुसऱ्या दिवशी परत सोनमर्गला आलो तेव्हा खरा निकाल कळला. भारत ४७ रनांनी जिंकला होता, पण पाच विकेट व्यंकटेश प्रसादच्या. आकाशवाणीने चहाचा मग खाली ठेवला, सगळ्यांसमोर टोपी नीट केली, सॅल्यूट मारला आणि म्हणाला, "प्रसाद भाई, माफ करना, रात को आपके विकेट श्रीनाथ को दे दिए."

नवखी

@माजी एमटी, वाचताना काटा आला आणि हसूही. एक विचारू का, लाईट बंद ठेवून घाटात पुढची गाडी दिसते कशी?

माजी एमटी

ताई, गाडीच्या मागच्या डिफरेन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांच्या मधल्या गोल डब्याला, पांढरा रंग दिलेला असतो, त्याच्यावर खालच्या बाजूने एक बारीक दिवा. वरून दिसत नाही, मागच्या ड्रायव्हरला तेवढा पांढरा गोळा दिसतो, त्याच्यावर नजर ठेवून चालवायचं. आकाशवाणी त्याला चांदोबा म्हणायचा आणि निघताना प्रत्येकाला सांगायचा की अपने अपने चांद पे नज़र रखो, दूसरे के चांद को मत देखो. तो आता गावी असतो, पिठाची गिरणी आहे. फोनवर बोलतो आम्ही.

घाटावरचा

आमचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोरमधे ड्रायव्हर. दिमापूर, कोहिमा, इंफाळ हा रस्ता. जपान्यांनी १९४४ मधे तो तोडला होता, २२ जूनला परत उघडला, आणि मग पणजोबांची कंपनी इंफाळला रेशन घेऊन गेली. आजोबांनी त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो. कंपनीत एक ड्रायव्हर हौसेने सगळ्यांची दाढी-मिशी करायचा. कॉन्व्हॉय निघायच्या आधी खुर्चीत बसवायचा, अर्ध्या मिशीला छान कात्री लावायचा आणि कापड झटकून म्हणायचा, बाकीची परत आल्यावर. कितीही शिव्या घाला, अजिबात ऐकायचा नाही. त्याचं म्हणणं, अर्ध्या मिशीने कोणी वर जायला तयार होणार नाही, म्हणून परत येईलच. गोऱ्या कॅप्टनने पहिल्यांदा बघितलं तेव्हा शिक्षा करायला निघाला होता म्हणे, पण कारण कळल्यावर काही न बोलता निघून गेला. पणजोबांनी शेवटपर्यंत मिशी दुसऱ्या कोणाला करू दिली नाही, स्वतःच करायचे.

सांगलीची लेक

माझे वडीलही ७१ चे, पण पश्चिमेला, पठाणकोट-सांबा भागात. त्यांच्यात एक मास्तर होते, फौजेत यायच्या आधी शाळेवर शिकवायचे. ज्यांना लिहिता यायचं नाही त्या ड्रायव्हरांची घरची पत्रं हेच लिहून द्यायचे, दिवसभर गाडी चालवून रात्री जाळीखाली टॉर्चला रुमाल गुंडाळून. वडिलांना लिहिता येत होतं, पण बायकोला काय लिहावं ते सुचायचं नाही म्हणून तेही मास्तरांकडेच. आईला एक पत्र आलं, त्यात लिहिलेलं की रात्री गाडीखाली झोपलो की आभाळ दिसत नाही पण तुझ्या कपाळावरचं कुंकू दिसतं. आईने ते ट्रंकेत लुगड्याच्या घडीत जपून ठेवलं. दोनेक वर्षांनी मिरजेला एका लग्नात युनिटमधल्या अजून दोघांच्या बायका भेटल्या, बोलता बोलता पत्रांचा विषय निघाला, आणि तिघींनी एकाच वेळी तेच वाक्य पुढचं मागचं जोडून म्हणून दाखवलं! आई त्या रात्री वडिलांशी बोलली नाही. मग वडिलांनी मास्तरांना घरीच बोलावलं की तुम्हीच काय ते सांगा. मास्तर आले, पाटावर बसले, पाणी प्यायले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, वहिनी, मजकूर एकच होता हे खरं, पण प्रत्येकीला लिहिताना अक्षर नव्याने घोटून काढलंय, कुठे खाडाखोड दिसली तर सांगा. आईने खरंच ट्रंक उघडून पत्र बाहेर काढलं आणि तपासलं. खाडाखोड नव्हती. मग त्यांना जेवायला वाढलं.