गेमबॉयच्या कॅसेटमधला सेल मरायच्या आधी सेव्ह काढून ठेवा (कोल्हापूरकर, मतं सांगा)

शाहूपुरीकर

ज्यांच्या घरी गेमबॉयच्या (निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम) जुन्या कॅसेटी अजून आहेत त्यांनी आतलं सेव्ह आत्ताच कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. सुट्टीत बघू, दिवाळीत बघू, असं करत बसलात तर सेव्ह हातचं जाईल.

कॅसेटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे गेम. तो कारखान्यातच रॉम चिपमध्ये पक्का झालेला असतो, आणि तुमची कॅसेट फुटली तरी जगात त्याच्या लाखो प्रती शिल्लक राहतात. दुसरी म्हणजे तुम्ही खेळून केलेली प्रगती, म्हणजेच सेव्ह. ती एसरॅम नावाच्या चिपमध्ये असते आणि वीज तुटली की ही चिप सगळं विसरते. गेमबॉय बंद असताना तिला जिवंत ठेवतो तो आतला तीन व्होल्टचा बटन सेल. पोकेमॉन (काल्पनिक प्राणी पकडून वाढवायचे गेम) रेड आणि ब्लू अमेरिकेत १९९८ ला आले, गोल्ड आणि सिल्व्हर २००० ला. म्हणजे आपल्यातल्या कुणाच्या मामाने, काकाने तिकडून आणलेल्या कॅसेटीतला सेल पाव शतकाचा झालाय. गोल्ड-सिल्व्हरची अवस्था जास्त वाईट, कारण त्यात दिवस-रात्र दाखवणारं घड्याळ आहे आणि तेही त्याच सेलवर अखंड चालतं.

गेम कुठेही मिळेल. तुमचं सेव्ह दुसऱ्या कुणाकडेही नाही. म्हणून जपायचंच असेल तर आधी सेव्ह जपा.

तांबडा-पांढरा

पटत नाही भावा.

गल्लीत एवढं क्रिकेट खेळलो, त्याचे स्कोअर कुणी वहीत जपून ठेवलेत काय? तरी त्या मॅची आठवतातच की. खेळून झालं, मजा आली, विषय संपला. आता त्यासाठी परदेशातून कॅसेट कॉम्प्युटरला जोडायचा रीडर मागवा, कस्टम भरा, केबल जोडा, सॉफ्टवेअर शिका. कशासाठी? अठ्ठ्याण्णव लेव्हलचा चारिझार्ड पोकेमॉन बघायला? मुलाला तीच कॅसेट दिली तर तो पहिल्यापासून खेळेल आणि त्याला ते जास्त आवडेल.

दुसरी गोष्ट, सेव्हची फाईल झाली की ती कितीही वेळा परत टाकता येते. पोकेमॉन मित्राला दिला, जुनी फाईल परत टाकली, की तो पोकेमॉन तुझ्याकडेही आहे आणि त्याच्याकडेही. केबल जोडून अदलाबदल करताना आपलं काहीतरी जायचं, म्हणून तर त्या अदलाबदलीला किंमत होती. बॅकअपने ती घालवली. हे मला मनापासून खटकतं.

शाहूपुरीकर

क्लोनचा, म्हणजे एकाच पोकेमॉनच्या दोन प्रतींचा, मुद्दा रास्त आहे, पण त्याचा दोष बॅकअपवर टाकू नका. गोल्ड-सिल्व्हरमध्ये पोकेमॉन ठेवायचा बॉक्स बदलताना सेव्ह चालू असतानाच गेमबॉय बंद करून पोकेमॉनच्या दोन प्रती करायची युक्ती शाळेतल्या पोरांनाही माहीत होती. त्याला रीडर लागला नव्हता. ज्याला लबाडी करायची त्याने तेव्हाही केली. ज्याला करायची नाही तो फाईल कॉम्प्युटरवर ठेवून गप्प राहील.

आणि सेव्ह म्हणजे नुसता स्कोअर नव्हे. अदलाबदलीत आलेल्या प्रत्येक पोकेमॉनवर मूळ मालकाचं नाव आणि त्याचा पाच आकडी नंबर कायमचा राहतो. माझ्या सिल्व्हरमध्ये एका वर्गमित्राने दिलेला ग्रॅव्हेलर आहे, माझ्याकडे आल्यावर तो गोलेम झाला. मित्राचं नाव संभाजी. इंग्रजीत आठ अक्षरं होतात, गेममध्ये सातच मावतात, म्हणून त्याने शेवटचा आय गाळून टाकलेला. माहितीचा पडदा उघडला की आजही तेच तुटकं नाव दिसतं. तो आता कुठे आहे मला माहीत नाही, आमचा एकत्र फोटोही नाही. नव्याने खेळून हे परत येणार नाही, तांबडा-पांढरा. लेव्हल परत येईल, हे नाही.

मधली बहीण

मला या वादात घरचा प्रश्न मांडायचाय. या पोकेमॉन गेममध्ये सेव्हची जागा एकच असते. नवीन गेम सुरू करून एकदा सेव्ह केलं की जुनं पुसलं जातं. आमच्या घरी भावंडं तीन आणि कॅसेट एक. मोठ्या दादाचं सेव्ह होतं म्हणून मला कधी स्वतःच्या नावाने खेळू दिलं नाही, आणि धाकट्याने एका सुट्टीत सरळ स्वतःचं सुरू केलं तेव्हा घरात रडारड झाली.

तांबडा-पांढरा, तुम्ही म्हणता मुलाला कॅसेट द्या, तो पहिल्यापासून खेळेल. अहो, त्यासाठीच तर बॅकअप हवा! सेव्ह काढून घेतलं तर मुलगा निर्धास्तपणे नवीन गेम सुरू करेल आणि आईचं किंवा बापाचंही सुरक्षित राहील. एकाने खेळायचं म्हणून दुसऱ्याचं पुसायचं, ही वेळ आज कुणावर येऊ नये.

डाग आणि टाके

मी लक्ष्मीपुरीत रिपेअरिंग करतो. बाजू कुणाचीही घ्या, पण सेल बदलायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना एक गोष्ट माहीत नसते, ती आधी ऐका. जुना सेल काढला त्या क्षणी सेव्ह गेलं. आधी कॉपी, मग सेल. उलटं केलं तर कुणीही परत आणून देऊ शकत नाही.

कॉपी करायला कॅसेट उघडायची गरजच नाही. जीबीएक्सकार्टसारखा यूएसबी रीडर येतो, त्याच्यासोबत फ्लॅशजीबीएक्स हे फुकट सॉफ्टवेअर चालतं. कॅसेटचे पितळी दिसणारे काँटॅक्ट कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचे, काडी काळी यायची थांबेपर्यंत. तोंडाने फुंकर मारू नका. थुंकीच्या ओलाव्याने काँटॅक्ट गंजतात आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात आधीच दमटपणा कमी नसतो. मग कॅसेट रीडरमध्ये बसवून सेव्ह दोनदा उतरवायचं आणि दोन्ही फाईली जुळवून बघायच्या. जुळल्या नाहीत तर काँटॅक्ट अजून घाण आहेत, परत पुसा. जुळल्या की एम्युलेटरमध्ये (कॉम्प्युटरवर गेमबॉयचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) उघडून बघा, तुमचं नाव आणि खेळलेले तास दिसले पाहिजेत. रेड, ब्लू, गोल्ड, सिल्व्हरचं सेव्ह ३२ किलोबाइटचं असतं. ईमेलला जोडून स्वतःलाच पाठवून ठेवा.

एवढं झाल्यावर सेलचं बघू. स्क्रूसाठी ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो, साध्या पेचकसाने मारामारी केली तर स्क्रूचं डोकं जातं. गोल्ड-सिल्व्हरला सीआर २०२५ लागतो आणि तो पत्र्याच्या पट्ट्या वेल्ड केलेलाच घ्यायचा. उघड्या सेलवर थेट सोल्डरिंग करू नका, लिथियम सेल तापला की फुटू शकतो. चिकटपट्टीने दाबून बसवलेले सेलही माझ्याकडे येतात. कॅसेट जरा आपटली की संपर्क तुटतो आणि सेव्ह जातं.

काहीजण गेमबॉय चालू ठेवून, कॅसेटचं मागचं झाकण काढून, चालू विजेवर सेल बदलतात. जमतं. पण हात घसरला की गेलं. कॉपी हातात असताना हा धोका कशाला पत्करायचा?

मूळ तेच ठेवा

मी जमवणारा माणूस आहे. कॉपी करायला माझा विरोध नाही, सेल बदलायला आहे.

गेमबॉयच्या नकली कॅसेटींचा सुळसुळाट झालाय. खरी-खोटी ओळखायची तर बोर्ड बघावा लागतो: छपाई, चिपवरचे आकडे, कारखान्यातले टाके. तुम्ही तिथे सोल्डरिंग केलं की एक पुरावा बिघडला. पुढच्या माणसाला कळणार नाही की हात कुणी आणि का लावला. म्हणून सेव्ह उतरवा, फाईल जपा, मेलेला सेल आहे तिथे राहू द्या. खेळायचं तर एम्युलेटरवर खेळा.

डाग आणि टाके

साहेब, नीट केलेला टाका बोर्ड बिघडवत नाही. सेल ही बदलायचीच वस्तू, गाडीच्या टायरसारखी. आणि सेव्ह होत नाही ती कॅसेट अर्धी बंदच की.

शाहूपुरीकर

इथे मी टाकेवाल्यांच्या बाजूने. फाईल एम्युलेटरवर चालते हे खरं, पण तेच सेव्ह त्याच कॅसेटमध्ये परत लिहून त्याच गेमबॉयवर चालू करणं हा या सगळ्या खटाटोपाचा हेतू आहे. बोर्डचा पुरावा हवा असेल तर उघडल्यावर, टाका लावायच्या आधी, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. हा तोडगा तुम्हालाही चालावा.

नागाळा पार्क

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४३ फुटांची, हे इथे कुणाला सांगायला नको. आमच्या खालच्या मजल्यावरचं कपाट पाण्यात गेलं, त्यात कॅसेटी होत्या. स्वच्छ पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, काँटॅक्ट पुसल्यावर गेम चालू झाले. सेव्ह एकाचंही राहिलं नाही. पुढे २०२१ च्या जुलैत परत पूर आला.

"नुसत्या आठवणी पुरेत" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते: घरातले कागद, फोटो आपण पावसाळ्याआधी वर नेतो. हेही त्यातच धरा.

रुईकर कॉलनी

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ सांगतं की कॉम्प्युटर प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे, त्याने ती हरवू, बिघडू नये म्हणून संरक्षणापुरती बॅकअप प्रत केली तर तो भंग नाही. पण त्याचा अर्थ गेमची रॉम सगळ्यांना वाटा असा होत नाही. फ्लॅशजीबीएक्समध्ये रॉम आणि सेव्ह ही दोन वेगळी बटणं आहेत. इथला विषय सेव्हचा आहे, तेवढ्यावरच राहूया. रॉमच्या लिंका मागू नका, देऊही नका.

तांबडा-पांढरा

सगळं वाचलं. माझं मत निम्मं बदललं, निम्मं तसंच.

ताईंचा मुद्दा मान्य. घरात मुलं असतील तर कॉपी करून मगच कॅसेट हातात द्यावी. पण प्रत्येकाने रीडर विकत घ्यायचा हे अजूनही पटत नाही. वर्षात एकदा वापरायच्या वस्तूसाठी एवढे पैसे घालवू नयेत. कोल्हापुरात ज्याच्याकडे आहे त्याने एक रविवार ठरवावा, बाकीच्यांनी कॅसेटी घेऊन यावं. आणि आपली फाईल घेऊन गेल्यावर त्याच्या लॅपटॉपवरची प्रत पुसायची, हा नियम आधी ठरवा. माझं सेव्ह दुसऱ्याकडे पडून राहिलेलं मला चालणार नाही.

माझ्याकडे एक सिल्व्हर आणि एक रुबी आहे. रुबी चालू केली की आतला सेल संपलाय असा मेसेज येतो. म्हणजे ती गेलीच ना?

शाहूपुरीकर

रुबी गेलेली नाही. रुबी, सफायर, एमराल्ड ही गेमबॉय ॲडव्हान्सची. त्यांत सेव्ह फ्लॅश चिपमध्ये राहतं, तिला टिकायला वीज लागत नाही. सेल फक्त घड्याळासाठी आहे. तो संपला की झाडांना बेरी धरण्यासारख्या वेळेवर चालणाऱ्या गोष्टी थांबतात, बाकी गेम चालतो आणि सेव्हही होतो. मात्र ही ओरिजिनल कॅसेटची गोष्ट. नकली एमराल्डमध्ये बऱ्याचदा स्वस्तातली एसरॅम आणि सेल घातलेला असतो, तिचं सेव्ह सेलसोबत जातं. लेबलची छपाई फिकी आणि प्लास्टिक हलकं वाटलं तर खरी समजू नका.

रविवारची कल्पना चांगली आहे आणि तुमचा नियमही मान्य. रीडर माझ्याकडे आहे, पेनड्राइव्ह ज्याने त्याने आणावा. सिल्व्हर आधी घेऊ, रुबीला घाई नाही. तोवर सिल्व्हरचे काँटॅक्ट पुसा, पण कॅसेट उघडू नका.

डाग आणि टाके

अल्कोहोल आणि काड्या मी आणतो. सेल बदलायचा असेल त्यांनी कॅसेटचं नाव इथे लिहा, त्याप्रमाणे पट्टीचे सेल मागवतो. सगळ्यांना एकच नंबर चालत नाही.