पहिली आर्मी घ्यायचीय : उंदीर, चिलखतवाले की दोन्ही असलेला मोठा बॉक्स?

नवा_भिडू
मंडळी नमस्कार, वर्षभर नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. मी आणि माझा चुलतभाऊ, दोघांनी मिळून एज ऑफ सिग्मार, म्हणजे छोट्या मूर्तींच्या (मिनींच्या) फौजा टेबलावर लढवायचा खेळ, सुरू करायचं ठरवलंय. बोर्डगेम दोघांनीही भरपूर खेळलेत, पण मिनी कापणं, जोडणं, रंगवणं यातलं शून्य. शाळेतल्या चित्रकलेच्या तासानंतर मी ब्रश हातात धरलेला नाही. मला स्केव्हन, म्हणजे ते उंदीर, बघताक्षणी आवडले. चुलतभावाला सोनेरी चिलखतवाले स्टॉर्मकास्ट हवेत. आता गोंधळ असा की दोन्ही आर्म्या असलेला मोठा बॉक्सही मिळतो आणि प्रत्येकाचा वेगळा स्पिअरहेड बॉक्सही मिळतो, त्यात परत ओल्ड वर्ल्ड म्हणून काहीतरी आहे त्यातही उंदीर दिसले पण पायाखालच्या चकत्या चौकोनी, तर ते एकच आहे का वेगळं? शिवाय सगळीकडे २००० पॉइंट २००० पॉइंट चाललेलं असतं, ते बघून पोटात गोळा येतो. आणि खरं सांगा, नवशिक्याला जिंकायला सोपी आर्मी कोणती? एकदाच घ्यायचंय, चुकायला नको.

जुनी_सोंगटी
एकदाच घ्यायचंय म्हणे! सगळे असंच म्हणून आत आले.

असो. चौकोनी-गोलचं आधी सांगतो कारण तिथे लोक फसतात. जुना वॉरहॅमर फँटसी बॅटल हा १९८३ पासूनचा खेळ, त्यात रेजिमेंट रांगेत खांद्याला खांदा लावून उभी राहायची म्हणून चौकोनी बेस. २०१५ ला तो गुंडाळून एज ऑफ सिग्मार आणला, त्यात मिनी सुट्या सुट्या फिरतात, बेस गोल. मग जानेवारी २०२४ ला जुना खेळ ओल्ड वर्ल्ड या नावाने परत आला, चौकोनी बेस घेऊन. थोडक्यात कंपनी एक, खेळ दोन, नियम पूर्ण वेगळे. काही मिनी दोन्हीकडे चालतात पण बॉक्सवर कुठल्या खेळाचं नाव आहे आणि आत कुठले बेस आहेत ते बघूनच घ्या. जोडून, रंगवून, चिकटवून झालेले वीस उंदीर एका बेसवरून उपटून दुसऱ्यावर लावायचे हे काम मी केलंय, वीसपैकी सहा जणांचे पाय घोट्यात मोडले.

आणि सेकंडहँड बघत असाल तर अजून एक. आर्म्या खेळातून बादही होतात. २०२४ ला एज ऑफ सिग्मारची चौथी आवृत्ती आली तेव्हा बीस्ट्स ऑफ केऑस ही अख्खी आर्मी तिथून गेली, आता ती ओल्ड वर्ल्डमध्येच. स्टॉर्मकास्टचेही बरेच जुने साचे तेव्हाच बाद झाले. त्यामुळे कोणी जुन्या स्टॉर्मकास्टचा ढीग मातीमोल भावात देतोय म्हणून चुलतभाऊ लगेच हुरळून जायला नको, आधी त्या युनिटचे सध्याचे नियम आहेत का ते शोधा.

रंगात_रंगली
२००० पॉइंट विसर रे बाबा. पॉइंट म्हणजे प्रत्येक युनिटची नियमात ठरलेली किंमत, मोठ्या खेळात तेवढ्याची फौज जमवतात. ते म्हणजे पोहायला शिकायच्या आधी समुद्र मोजण्यासारखं. तुम्हा दोघांसाठी स्पिअरहेडच बरोबर आहे, आणि स्पिअरहेड म्हणजे नुसता बॉक्स नाही, ती खेळायची एक वेगळी छोटी पद्धत आहे. बॉक्समध्ये जे आहे तीच तुमची आर्मी, पॉइंट मोजायचे नाहीत, यादी बनवायची नाही. खेळाआधी दोनच गोष्टी निवडायच्या, रेजिमेंटला एक खास क्षमता आणि तुमच्या जनरलला एक जास्तीची ताकद. बोर्ड ३० बाय २२ इंच, जेवणाच्या टेबलावर मावतो, चार राउंड, आणि नियम अंगवळणी पडले की तास-सव्वा तासात संपतो. नियमांची पीडीएफ फुकट मिळते. पुस्तक लगेच घेऊ नका, ते मोठ्या खेळासाठी लागतं.

फक्त मोठ्या बॉक्सबद्दल एक. चौथ्या आवृत्तीचे स्टार्टर सगळे स्टॉर्मकास्ट विरुद्ध स्केव्हन असेच आहेत, म्हणजे तुमची जोडी अगदी जमून आलीय. पण स्टार्टर नावाचे तीन वेगवेगळ्या आकाराचे बॉक्स आहेत आणि सगळ्यात छोट्यात दोन पूर्ण स्पिअरहेड भरत नाहीत, तो जोडायचा-रंगवायचा हात बसायला आहे. पाठीमागची मिनींची यादी स्पिअरहेडच्या पीडीएफशी ताडून बघ. जुळली तर मोठा बॉक्स घ्या नि मधोमध वाटून घ्या, नाही जुळली तर दोन वेगळे घ्या. एवढं सोपं आहे ते.

कोणती जिंकते हे विचारू नकोस. नियम आणि पॉइंट बदलत राहतात, आज भारी असलेली आर्मी पुढच्या बदलात झोपते. पण मूर्ती तुला महिनोन्महिने हातात धरून रंगवायच्यात. जी बघून हात शिवशिवतात ती घे.

उंदीरवाला
स्केव्हन म्हटलं की मला आवाज द्यायचा नाही असं कसं.

भावा, उंदीर घे, डोळे झाकून घे, पण एक आकडा डोळे उघडून बघ. क्लॅनरॅट, म्हणजे साधे शिपाई उंदीर, वीस-वीसच्या युनिटने येतात. वीस. प्रत्येकाला दोन कान, एक शेपूट, दात, फाटके कपडे, गंजकं हत्यार आणि ढाल. स्टॉर्मकास्टचे पाच लिबरेटर रंगवून तुझा भाऊ पाय पसरून बसेल तेव्हा तू सातव्या उंदराच्या शेपटीवर असशील. मी पहिल्यांदा एकेक उंदीर पूर्ण करत गेलो आणि चौथ्याला कंटाळून दोन महिने डबा बंद. मग एका मित्राने पद्धत दाखवली, आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांवर पाच-पाच उंदीर चिकटवायचे, एक रंग घेतला की वीसही जणांना तो एकच रंग लावत सुटायचं. सगळी कातडी, मग सगळी फर, मग सगळं धातू. शेवटी सगळ्यांवर एक गडद तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, ओतायचा, तो फटीत उतरतो आणि आपोआप सावल्या पडतात. उंदीर मळके असणं अपेक्षितच आहे, त्यामुळे तुझी चूक झाली तरी ती चूक दिसत नाही, घाण दिसते. सोनेरी चिलखतावर ही सवलत नाही हां, तिथे रंग बाहेर गेला की लांबून कळतं.

खेळात कसे वागतात तेही ऐक. धर दहा हल्ले केले, फाशावर तीन किंवा जास्त (३+) आलं की लागतो, परत ३+ ला जखम होते. दहातले साडेचारच्या आसपास जखमेपर्यंत पोचतात. समोर ३+ सेव्हवाला, म्हणजे ३+ आलं की वार अडवणारा, चिलखतधारी असेल तर त्यातले जेमतेम दीड आत जातात, आणि त्याला हेल्थ दोन, म्हणजे एक गडीही धड पडत नाही. तेच समोर क्लॅनरॅट असेल, सेव्ह ५+ आणि हेल्थ एक, तर तीन मेले. म्हणजे उंदीर मरणारच, मूठमूठ मरणार, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. स्पिअरहेडमध्ये काही युनिट पूर्ण मेली की एकदा परत येतात, रिइन्फोर्समेंट म्हणून, आणि ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे बोर्डावरच्या ठरलेल्या जागांवर, कोणाचा ताबा आहे यावर गुण मिळतात. ज्याला आपलं माणूस मेलं की जीव तुटतो त्याने उंदीर घेऊ नयेत.

फुकट_फौज
मी जरा वेगळं बोलतो, शिव्या घाला हवं तर. एकाच कंपनीच्या बॉक्सला का बांधून घेताय? वन पेज रूल्सचं एज ऑफ फँटसी आहे, नियम फुकट, मिनी कुठल्याही कंपनीच्या चालतात. फ्रॉस्टग्रेव्ह आहे, २०१५ पासून, तिथे एक जादूगार, एक चेला आणि आठ शिपाई, दहा मिनीत सगळी टोळी संपली. मोठी फौजच हवी तर किंग्स ऑफ वॉर, त्यात युनिट एकसंध धरतात, एकेक मिनी काढावी लागत नाही, म्हणून एकाच मोठ्या बेसवर नेहमीपेक्षा कमी मिनी आणि मध्ये दगड-झाडं लावून छोटा देखावा केला तरी चालतो.

जुनी_सोंगटी
@फुकट_फौज मुद्दा पटतो पण त्याने विचारलं काय, तू सांगतोस काय. त्याला उंदीर आवडलेत. आणि नवशिक्याला कुठलीही मिनी चालेल म्हटलं की तो तीन महिने मिनीच निवडत बसतो. पहिला बॉक्स ठरलेला बरा. दुसऱ्या वर्षी हेच उंदीर फ्रॉस्टग्रेव्हच्या टोळीत घालून खेळता येतील, कोण अडवतंय.

रंगात_रंगली
हत्यारांचं राहिलं. तुला लागेल फ्रेममधून तुकडे कापायला पक्कड, साच्याची रेघ खरवडायला कटर, प्लास्टिकचा गोंद आणि दोन ब्रश, बास. गोंद प्लास्टिकचाच घे, तो प्लास्टिक किंचित वितळवून दोन तुकडे एकजीव करतो. सुपरग्लू रेझिन आणि धातूसाठी. स्टार्टरमधल्या मिनी सहसा दाबून बसणाऱ्या असतात, गोंद न लावताही जुळतात, पण थेंबभर लाव, नाहीतर फटी दिसतात.

प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, न मारता रंग लावू नकोस, बोटाने घासलं की निघून येतो. आणि दमट हवेत स्प्रे मारायचा नाही म्हणजे नाही. पावसाची झड चालू असताना मी गॅलरीत उभं राहून भुतांच्या दहा मिनींवर पांढरा प्रायमर मारला, वाळल्यावर बघते तर सगळी पिठात घोळल्यासारखी खरखरीत, चेहरेच गायब. ते काढायला घरातलं नेलपॉलिश रिमूव्हर वापरलं. त्यात ॲसिटोन असतं आणि ॲसिटोन प्लास्टिक खातं हे मला वाटीत बघून कळलं. दहा भुतांचा एक चिकट राखाडी लगदा झाला, त्यातून एक हात वर आलेला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरायचं असतं, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून.

रंग पाण्याने पातळ करून दोन थर दे, एकच जाड थर दिलास की नाकडोळे बुजतात. ढाल रंगवून झाल्यावर चिकटव, आधी लावलीस तर मागे छातीपर्यंत ब्रश पोचतच नाही.

उंदीरवाला
आणि विकत घ्यायच्या आधी एकदा खेळून बघा ना. पुठ्ठ्याचे गोल कापा, त्यावर पेनाने उंदीर, चिलखत वगैरे लिहा, इंचाची टेप आणि दहाबारा साधे फासे. नियम फुकटच आहेत. आवडलं तर घ्या. लोक बॉक्स घेतात, फोडतात, वास घेतात आणि कपाटात ठेवतात. माझ्याकडेही असे चार आहेत, त्यामुळे हे जरा तोंड वर करून बोलायचा मला अधिकार नाही.

नवा_भिडू
सगळ्यांचे मनापासून आभार. @उंदीरवाला तुमचं ऐकलं. काल रात्री बुटांचं खोकं कापून दोन्ही फौजा केल्या, खेळाची कार्डं नव्हती म्हणून नुसत्या हालचाली, चार्ज (धावून जाऊन भिडणं), मारामारी आणि ऑब्जेक्टिव्हचे गुण एवढंच, टेबलावर पुस्तकं उभी करून भिंती. पहिल्या राउंडला माझे आठ उंदीर गेले, दुसऱ्यात राहिलेले बारा, भाऊ खूष होऊन चहा टाकायला उठला. परत आला तर टेबलावर माझं युनिट पुन्हा उभं. नियमात आहे म्हटलं, विश्वासच ठेवेना, पीडीएफ हातातून हिसकावून दोनदा वाचली. गुणांवर मी जिंकलो, टेबलावर माझे फक्त सात पुठ्ठे उरले होते.

आता नवीन अडचण. आज सकाळी त्याचा मेसेज, मलापण उंदीरच हवेत. दोघांनी एकच आर्मी घेतली तर चालतं का? आणि ओळखायचे कसे कोणाचे कोणते?

जुनी_सोंगटी
चालतं की. दोघांनी तोच स्पिअरहेड घेऊन खेळायला काहीच हरकत नाही. आणि स्केव्हनचं तर कथेतच असं आहे की बाहेरच्या शत्रूपेक्षा ते एकमेकांचेच गळे जास्त कापतात, त्यामुळे तुमचा सामना एकदम अस्सल होईल. फक्त कपड्यांचे रंग वेगळे ठेवा, एकाचे लाल एकाचे हिरवे, आणि बेसची कडसुद्धा वेगळ्या रंगाची करा, गर्दीत वरून बघताना कडच दिसते.

तरी माझं मत विचारशील तर एकाने चिलखतवाले घ्यावेत. समोर पाच दांडगट उभे असले की वीस उंदरांना मजा येते.

नवा_भिडू
त्याला सांगून बघितलं. ऐकत नाही. वर म्हणतोय फर पांढरीशुभ्र करणार, तशी कुणाकडे नसते.

उंदीरवाला
पांढरीशुभ्र, वीस उंदरांना, पहिल्याच वेळी, ब्रशने? करू दे त्याला. पाचव्या उंदराला फोटो टाक म्हणावं.

रंगात_रंगली
हसू नका रे. त्याला सांग पांढरा प्रायमर मार, त्यावर पाणी घालून पातळ केलेला राखाडी वॉश, वाळला की कोरड्या ब्रशने वरवर पांढरा फिरव. होईल. आणि बाहेर पाऊस नाही ना ते आधी बघ म्हणावं.