आईच्या हातावरचा फिकट डाग जात नाहीये, काय लावू?

वऱ्हाडी_ठेचा: बरेच दिवस ट्यूब लावतेय, फरक शून्य. चांगलं क्रीम सुचवा प्लीज, लवकर. डॉक्टरकडे जा हे मलाही कळतं.

टपरीवाला: वय? खाज? कुठली ट्यूब? काहीच न सांगता काय सुचवणार?

कोकणी_मेवा: जंत असतील. आमच्या पोराच्या गालावर असेच होते, जंताचं औषध दिलं, गेले.

टपरीवाला: ते पोरांना कोरड्या त्वचेने होतं आणि आपोआप जातं, जंतांचा काय संबंध? इथे आईचं चाललंय.

निवांत_काका: शिबं आहे ते. मला दर पावसाळ्यात पाठीवर येतं. किटोकोनाझोलचा शाम्पू चोळा, पाच मिनिटांनी धुवा.

वऱ्हाडी_ठेचा: वय 58. खाज अजिबात नाही. कोपराखाली एकच आहे, रुपयाएवढा होता आता वाढलाय. ट्यूब मेडिकलवाल्याने दिली, नायट्याची म्हणून. कोड नाही ना?? बहिणीचं लग्न ठरतंय.

सिस्टर_नाइट_ड्यूटी: कोड पांढरंफटक असतं, आणि कोडाने लग्न अडायचं काही कारण नाही. ट्यूब बंद कर, त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. डागावर स्पर्श कळतो का? डोळे मिटायला सांग, कापसाचं टोक लाव.

वऱ्हाडी_ठेचा: परवा तिथेच तव्याची कड लागली, चांगला फोड आलाय, तिला पत्ताच नाही, मी दाखवला तेव्हा बघितलं. पण स्वयंपाकाच्या घाईत तिचं असंच असतं.

सिस्टर_नाइट_ड्यूटी: घाईत चटका कळतोच गं. बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोग आहे का ते आधी बघतात. उद्याच सरकारी दवाखान्यात ने.

निवांत_काका: उगाच घाबरवू नका, तो रोग संपला केव्हाच.

सिस्टर_नाइट_ड्यूटी: काका, 2005 ला देशात दहा हजारांत एकाच्या खाली आला म्हणून निर्मूलन जाहीर झालं, संपला नाही. आशाताई घरोघरी चट्टे विचारतात ते उगाच? निघालाच तर गोळ्या फुकट, 6 नाहीतर 12 महिने, पूर्ण बरा होतो. गोळ्यांनी लघवी लाल होते, घाबरायचं नाही. उशीर केला तर मात्र नसा जातात, बोटं वाकडी होतात.

कोकणी_मेवा: माझ्या तळपायावर तीळ आहे, भाग्याचा म्हणतात. हल्ली मोठा झालाय, ते चांगलं ना?

टपरीवाला: भाग्य राहू दे, वाढतोय तर स्किनवाल्याला दाखव.

वऱ्हाडी_ठेचा: कापूस लावला. कडेला कळतंय, मध्ये नाही. सकाळी केसपेपर किती वाजता मिळतो?