मदत हवी आहे: मागणीपत्र उद्या द्यायचंय, अमॉक्सिसिलिन दर तिमाहीत संपतं

औषधखिडकी
नमस्कार. एका आरोग्य केंद्राच्या औषध भांडाराचा ताबा माझ्याकडे येऊन आठ महिने झाले. उद्या दुपारपर्यंत तिमाही मागणीपत्र द्यायचं आहे. शिकवलं होतं तसंच काढते: मागच्या सहा महिन्यांचा खप भागिले सहा, गुणिले तीन. आकडेमोड तीनदा तपासली आहे. तरी दोन महिने झाले की अमॉक्सिसिलिन २५० या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल संपतात. दुसरीकडे सेफिक्झिम या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या ६०० गोळ्या पडून आहेत, त्यांची एक्स्पायरी दोन महिन्यांवर आली आहे.

खिडकीवर बोलणी मी खाते. मागच्या वेळी संपलं तेव्हा एक आजी रिकामी पट्टी घेऊन आल्या. "बाई, तीनच दिवसांच्या दिल्या होत्यात, राहिलेल्या द्या की." माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. सूत्र चुकतंय का, एवढंच सांगा. लवकर.

बिनकार्ड
ताई, सूत्र अर्धंच सांगितलंत. तीन गोष्टी कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही. मागणी गेल्यावर माल किती दिवसांनी येतो? मागाल तेवढं मिळतं की वरून कापून येतं? आणि त्या सहा महिन्यांत अमॉक्सिसिलिन किती दिवस शून्यावर होतं?

स्तंभालेख
एवढं सगळं वहीवर का करता? बारकोड लावा, साधी प्रणाली बसवा. शिल्लक एका पातळीखाली गेली की आपोआप सूचना येते. आमच्याकडे बसवल्यापासून भांडारातला अर्धा त्रास गेला.

औषधखिडकी
@स्तंभालेख, प्रणाली विचारली नव्हती हो. मागणीपत्र उद्या आहे.

@बिनकार्ड, माल यायला महिना लागतो. मागितलं तेवढंच येतं, कापत नाहीत. सहा महिन्यांचा खप ९,०००. सरासरी १,५००, म्हणून ४,५०० मागते. शून्याचे दिवस कुठेच लिहीत नाही आम्ही. त्याचा खपाशी काय संबंध?

बिनकार्ड
सगळा संबंध तिथेच आहे. बिन कार्ड काढा, म्हणजे त्या औषधाची आवक, जावक आणि शिल्लक लिहिलेलं कार्ड. शिल्लक ० झाल्याच्या तारखेपासून पुढची आवक झाली त्या तारखेपर्यंतचे दिवस मोजा. दोन्ही तिमाह्यांचे.

सहज_वाचक
माझा या क्षेत्राशी संबंध नाही, पण ६०० गोळ्या वाया जाऊ देण्यापेक्षा तापाच्या पेशंटना त्याच लिहायला सांगा ना डॉक्टरांना. औषध ते औषधच.

डॉ_बाह्यरुग्ण
@सहज_वाचक, कृपया हा सल्ला कुणीही अमलात आणू नका. कपाटात पडून आहे म्हणून अँटिबायोटिक द्यायचं नसतं. विषाणूमुळे आलेल्या तापात सेफिक्झिमचा काडीचा उपयोग नाही. उलट पेशंटच्या आतड्यातल्या जंतूंना तेवढी प्रतिकाराची तालीम मिळते. औषधाची तारीख संपते म्हणून पेशंटचा आजार बदलत नाही.

सहज_वाचक
बरं, माहीत नव्हतं. मग त्या गोळ्यांचं करायचं काय?

बिनकार्ड
जिथे त्या खरोखर लागतात अशा मोठ्या रुग्णालयाला आजच लेखी कळवायचं. दोन महिने हातात आहेत तोवर कुणी तरी घेईल. शेवटच्या आठवड्यात विचारलं तर कुणी हात लावत नाही. पेटीवर बॅच आणि एक्स्पायरी ठळक लिहा आणि पेटी पुढे ओढून ठेवा.

स्तंभालेख
आधी आलेलं आधी द्यायचं हा साधा नियम पाळला असता तर ही वेळच आली नसती.

बिनकार्ड
तो नियम औषधांना पुरत नाही. नंतर आलेल्या बॅचची एक्स्पायरी आधीची असू शकते, माझ्या भांडारात कितीदा तसं झालं आहे. आवकेची तारीख बघू नका, ज्याची एक्स्पायरी आधी ते आधी द्या. पेटीवर नुसता महिना आणि वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

शीतसाखळी
भांडाराचा विषय निघालाच आहे तर लसींच्या फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा लिहिता ना? २ ते ८ अंश. उष्णतेची भीती सगळ्यांना असते, गोठण्याची कुणालाच नसते. ट्रिपल किंवा हिपॅटायटिस बी ची कुपी गोठल्याचा संशय आला तर शेक टेस्ट करा. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळू द्यायची, मग दोन्ही हलवून शेजारी ठेवायच्या. संशयित कुपीतला साका गोठवलेलीइतक्याच वेगाने खाली बसला तर ती लस वापरायची नाही. ऑक्सिटोसिनही २ ते ८ मध्येच हवं. ते टेबलाच्या खणात पडलेलं मी पाहिलं आहे. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायचं औषध आहे ते!

औषधखिडकी
लसींचा फ्रिज माझ्याकडे नाही, पण ऑक्सिटोसिन उद्या जाऊन बघते.

@बिनकार्ड, मोजले. पहिल्या तिमाहीत ३१ दिवस, दुसऱ्या तिमाहीत ३०. एकूण ६१. इतके असतील असं वाटलं नव्हतं.

बिनकार्ड
आता बघा. ६१ दिवस म्हणजे दोन महिने. तुमचे ९,००० सहा महिन्यांत खपलेले नाहीत, चार महिन्यांत खपले आहेत. ९,००० भागिले ४ म्हणजे महिन्याला २,२५०. तुम्ही ४,५०० मागता, ते बरोबर दोन महिन्यांत संपतात, तिसरा महिना कोरडा जातो. सहा महिन्यांनी भागलं की सरासरी पुन्हा १,५०० आणि मागणी पुन्हा ४,५००. तुमची आकडेमोड बिनचूक आहे, म्हणूनच चूक कधी सापडली नाही.

मागणी अशी काढा: तीन महिन्यांची गरज, अधिक माल येईपर्यंतचा एक महिना, अधिक एक महिन्याचा बफर, म्हणजे राखीव साठा. पाच महिने गुणिले २,२५० म्हणजे ११,२५०. त्यातून हातातली शिल्लक वजा करा. एकदा बफर भरला की पुढच्या वेळी तिमाहीची गरज तेवढी, ६,७५० च्या आसपास. हातात किती आहेत?

औषधखिडकी
७६०.

बिनकार्ड
रजिस्टरवर की कपाटात?

औषधखिडकी
रजिस्टरवर. कपाट सकाळी मोजते.

डॉ_बाह्यरुग्ण
@बिनकार्ड, हिशेब मान्य, पण एक मूळ प्रश्न राहून जातोय. २,२५० हा खप आहे. ती गरज आहे का? प्रत्येक सर्दी-खोकल्याला अमॉक्सिसिलिन लिहिलं जात असेल तर तुम्ही चुकीच्या वापराला बफर देताय. वापर किती योग्य आहे हे पाहण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे १९९३ चे निर्देशक आहेत: एका पेशंटमागे सरासरी किती औषधं, किती टक्के केसपेपरवर अँटिबायोटिक, किती टक्क्यांवर इंजेक्शन, किती औषधं मूळ (जेनेरिक) नावाने, किती आवश्यक औषधांच्या यादीतली. एका केंद्रासाठी १०० केसपेपर पुरतात. आधी ते करा, मग मागणी ठरवा.

बिनकार्ड
डॉक्टर, मागणीपत्र उद्या आहे. शंभर केसपेपर होईपर्यंत न्यूमोनियाचं मूल आलं तर त्याला काय द्यायचं? आणि डॉक्टरांनी लिहिलेलं औषध भांडारवाल्याने मागणीत कापायचं, ही रीत बरी नाही. कापलं की त्रास ज्याला औषध खरं हवं त्यालाच होतो. सर्दीवाला तसाही बरा होणार असतो.

डॉ_बाह्यरुग्ण
कापा असं मी म्हटलेलं नाही. तपासा म्हटलं आहे. १९८५ च्या नैरोबीच्या बैठकीत योग्य वापराची जी व्याख्या ठरली, तिच्यात पेशंटच्या गरजेला लागू औषध ही पहिली अट आहे.

बिनकार्ड
आणि पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस, हेही त्याच व्याख्येत आहे. पाच दिवसांचा कोर्स तीन दिवसांवर आणणारं भांडार अयोग्य वापरच करतं, डॉक्टरांनी कितीही बरोबर लिहिलेलं असो. ताईंच्या त्या आजींना तीन दिवसांच्याच का मिळाल्या, ते विचारा.

औषधखिडकी
शिल्लक कमी झाली की सगळ्यांना थोडं थोडं पुरावं म्हणून आम्ही तीन दिवसांचं देतो. उरलेल्यासाठी परत या म्हणतो. बहुतेक जण परत येत नाहीत.

डॉ_बाह्यरुग्ण
हे आधी सांगायला हवं होतं. म्हणजे २,२५० सुद्धा एका बाजूने फुगलेला आणि दुसऱ्या बाजूने दबलेला आकडा आहे. आणखी एक विचारतो. अमॉक्सिसिलिन संपलेलं असतं तेव्हा तुमचे डॉक्टर त्याऐवजी काय लिहितात?

औषधखिडकी
अझिथ्रोमायसिन. थांबा, बघते.

एरवी महिन्याला १५० च्या आसपास गोळ्या जातात. अमॉक्सिसिलिन नव्हतं त्या दोन्ही महिन्यांत प्रत्येकी ६४० गेल्या. सहा महिन्यांचा खप १,८८०, सरासरी ३१३. उद्याच्या मागणीत मी तेच धरलं होतं, महिन्याला ३१३!

डॉ_बाह्यरुग्ण
हेच शोधत होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अँटिबायोटिकचे तीन गट केले आहेत. अमॉक्सिसिलिन 'ॲक्सेस' गटात, म्हणजे पहिल्या पसंतीचं, सगळीकडे हाताशी असावं असं. अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम दोन्ही 'वॉच' गटात, म्हणजे जपून वापरायची. तुमच्याकडे पहिलं संपलं की दुसरं चालतं, ते रजिस्टरवर खप म्हणून चढतं आणि पुढच्या मागणीत दुप्पट होऊन येतं. मग ते हाताशी असतं म्हणून लिहिलं जातं. सेफिक्झिमच्या त्या ६०० गोळ्याही अशाच एखाद्या तुटवड्यातून आल्या असतील.

बिनकार्ड
डॉक्टर, इथे तुमचं पूर्ण मान्य. ताई, अझिथ्रोमायसिनचे ते दोन महिने सोडून द्या, १५० धरा. अमॉक्सिसिलिन मात्र या वेळी पूर्ण मागा.

पाळीतली_परिचारिका
सगळे अँटिबायोटिकवर बोलताय म्हणून लिहिते. खपाच्या सरासरीने मागणी काढली की इमर्जन्सी ट्रेचा घात होतो. आमच्याकडे सहा महिन्यांत ॲड्रेनॅलिन एकदाही लागलं नाही म्हणून मागणी शून्य गेली होती. एका दुपारी इंजेक्शननंतर एका बाईंना रिॲक्शन आली. ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. ट्रेमध्ये एकच अँप्यूल होतं. पहिल्या डोसनंतर पाच मिनिटं झाली, घरघर कमी होईना, दुसरा डोस हवा होता आणि अँप्यूल नव्हतं. गाडी आली, त्यात होतं, म्हणून त्या वाचल्या. ॲड्रेनॅलिन, मॅग्नेशियम सल्फेट (गरोदरपणातल्या झटक्यांवरचं), ऑक्सिटोसिन यांना सरासरी लावू नका. किमान किती असलेच पाहिजेत तो आकडा ठरवा आणि त्याखाली जाऊ देऊ नका.

जुलाबाच्या औषधांनाही सरासरी चालत नाही. साथ आली की मागच्या सहा महिन्यांच्या आकड्याला अर्थ राहत नाही. तिथे पेशंटवरून काढा. झिंक २० मिलिग्रॅम रोज एक, १० ते १४ दिवस, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अर्धी. १२० मुलं धरली तर १४ प्रमाणे १,६८० गोळ्या. प्रत्येकाला घरी न्यायला दोन पाकिटं म्हणजे ओआरएस २४०, शिवाय केंद्रात पाजायला लागतात ती वेगळी.

स्तंभालेख
सिस्टर, हे पटलं. मी सुचवलेल्या प्रणालीतही किमान पातळी हातानेच भरावी लागते, ती कुणी भरत नाही हे खरं आहे.

औषधखिडकी
सकाळी साडेसातला येऊन कपाट मोजलं. रजिस्टर ७६०, कपाटात ४००. घाबरले होते. मग सिस्टरांनी रात्रपाळीचं कपाट उघडून दाखवलं. कुणी तरी नोंद न करता तिकडे ३६० नेल्या होत्या, त्यातल्या ३०० शिल्लक आहेत. त्या आजी आल्या त्या दिवशीही त्या कपाटात काही असतील का, हा विचार डोक्यातून जात नाही.

हातात एकूण ७००. मागणी १०,५५० टाकली. अझिथ्रोमायसिन १५० धरून. ॲड्रेनॅलिन किमान आकड्याने. सोबत एक पान जोडलं आहे, शून्याच्या ६१ दिवसांच्या तारखा लिहून, म्हणजे इतकी वाढ का असं कुणी विचारलं तर उत्तर तिथेच असेल. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्येच होतं.

बिनकार्ड
छान केलंत. पण माल महिन्याने येणार आणि ७०० कॅप्सूल जेमतेम साडेनऊ दिवस पुरतील. आजच शेजारच्या केंद्राकडून उसने घ्या, लेखी, बॅच नंबरासह. माल येईपर्यंतचा महिना मागणीत धरलेला आहेच, त्यातून परत करता येतील. आणि रात्रपाळीच्या कपाटाला वेगळं बिन कार्ड लावा.

औषधखिडकी
कार्ड लावलं. उसन्याचं पत्र लिहितेय.

डॉक्टर, ते १०० केसपेपर मला करायचे आहेत. सलग काढले तर एकाच आठवड्याचे आणि एकाच डॉक्टरांचे येतील. कसे निवडू?

डॉ_बाह्यरुग्ण
वर्षभराच्या नोंदवहीतून ठरावीक अंतराने घ्या. १२,००० नोंदी असतील तर दर १२० वी. म्हणजे सगळे ऋतू आणि सगळे डॉक्टर येतात. डॉक्टरांची नावं तक्त्यात घेऊ नका, नाहीतर बैठकीत आकड्यांवर कुणी बोलणारच नाही. आणि कोर्स किती दिवसांचा लिहिला होता आणि खिडकीवरून किती दिवसांचा दिला, असे दोन रकाने जास्तीचे ठेवा.