मदत हवी आहे : 'खाजण' म्हणजे नक्की काय आणि हा शब्द आला कुठून?

मी पुण्यात शाळेसाठी कोकण किनाऱ्याचा मोठा मराठी नकाशा करतेय, त्यात 'खाजण' या शब्दापाशी अडलेय. भूगोलाच्या पुस्तकात खाजण म्हणजे वाळूच्या दांड्यामागे अडकलेलं उथळ खारं पाणी, उदाहरण चिल्का सरोवर. पण कोकणातल्या लोकांशी बोलले तर खाजण म्हणजे खाडीकाठची चिखलाची जमीन, भरतीला पाण्याखाली जाणारी, तिवर-चिपी ही खारफुटीची झाडं वाढलेली, ओहोटीला पाय गुडघ्यापर्यंत रुततो अशी. आणि गोव्यात तर बांध घालून खारं पाणी अडवलेली, मानशीच्या (बांधातल्या झडपेच्या) दारातून पाणी आतबाहेर सोडायची, कोरगुट हे खाऱ्या जमिनीतलं भात पिकवायची ती खाजण शेती! म्हणजे एकीकडे पाणी, एकीकडे दलदल आणि एकीकडे चक्क शेत.

विश्वकोश बघितला, तिथे सरोवराच्या अर्थाने 'खारकच्छ' आहे, पण तो किनाऱ्यावर कोणाच्या तोंडी ऐकला नाही आणि मुलांना जड जाईल म्हणून नकोय. कांदळवन (खारफुटीचं जंगल) नकाशात वेगळं दाखवलंय त्यामुळे तोही पर्याय नाही. नेटवर शोधलं तर पुस्तकातलीच व्याख्या फिरून फिरून येते.

मालवण, रत्नागिरी, अलिबाग किंवा गोव्याकडचं कोणी असेल तर प्लीज गावाचं नाव टाकून सांगा, तुमच्याकडे साठलेल्या पाण्याला खाजण म्हणतात का, की फक्त जमिनीला? आणि शब्दाचं मूळ 'खार'शी जोडलेलं आहे की दुसरंच काही, याचा कोशातला किंवा जुन्या कागदपत्रातला आधार कोणाकडे आहे का?