मदत हवी आहे: डाळ-दह्याच्या जेवणानंतर लेव्होडोपा का लागू पडत नाही? पेशीपटलावर नेमकं काय घडतं?

नमस्कार मंडळी,

माझ्या बाबांना कंपवात (पार्किन्सन) आहे. लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या चालू आहेत. सकाळची गोळी उपाशीपोटी घेतली की थोड्या वेळात हात मोकळे होतात, दाढी स्वतःची स्वतः करतात. दुपारच्या गोळीचा मात्र भरवसा नाही. जेवणात उसळ किंवा पिठलं आणि वर वाटीभर दही असलं, की पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. एकादशीला वरईचा भात आणि रताळ्याचा कीस असतो, त्या दिवशी तीच गोळी व्यवस्थित लागू पडते.

डॉक्टरांनी गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगितली आहे, त्याने फरकही पडलाय. त्यामुळे औषध बदलण्याबद्दल विचारत नाही. अडचण वेगळी आहे. बाबा निवृत्त रसायनशास्त्राचे शिक्षक. ‘प्रथिनं गोळीला आडवी येतात’ एवढ्यावर त्यांचं समाधान होत नाही, आणि अर्धवट कळल्यामुळे त्यांनी डाळ-दूध पूर्ण बंद करायचं ठरवलंय. वजन आधीच उतरलंय. त्यांना कारण नीट समजावलं तर ऐकतील, म्हणून हा धागा.

माझं वाचन इथवर आलंय. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधल्या फटीतून सहसा काही जात नाही, पेशीचं पटल ओलांडूनच जावं लागतं. या आजारात मेंदूत कमी पडतं ते डोपामाइन, पण त्याला हे जमत नाही, म्हणून आत गेल्यावर ज्याचं डोपामाइन होतं ते लेव्होडोपा देतात. लेव्होडोपा म्हणजे टायरोसिनच्या कड्यावर एक हायड्रॉक्सिल गट जास्त, थोडक्यात मोठं उदासीन (बाजूच्या साखळीवर विद्युतभार नसलेलं) अमिनो आम्लच. जेवणातली प्रथिनं पचून सुटणारी ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, फिनाइलॲलनिन, ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं ज्या वाहक प्रथिनातून आत जातात, त्याच एलएटी-१ मधून तेही जातं. १९६३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या ऑक्सेंडर आणि क्रिस्टेन्सन यांनी उंदराच्या अर्बुदपेशींवर प्रयोग करून उदासीन अमिनो आम्लांच्या दोन वाटा वेगळ्या ओळखल्या: सोडियमवर अवलंबून असलेली ‘ए’, आणि सोडियमशिवाय चालणारी ‘एल’. एलएटी-१ ही ‘एल’ वाटेवरची.

इथे मी अडकते. एलएटी-१ अदलाबदल करतो म्हणे, एक रेणू आत आणि त्या बदल्यात एक बाहेर. मग पेशीत अमिनो आम्लं साठतात कशी? ही स्पर्धा मेंदूच्याच दारात इतकी का जाणवते? आणि सगळीच अमिनो आम्लं आडवी येतात की काहीच? बाबांचा मुख्य प्रश्न हा शेवटचा आहे.

*

प्रतिसाद १

ताई, मी जीवरसायन शिकवतो. बाबांच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर माणसांवरच्या प्रयोगातून मिळालेलं आहे.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमधले संशोधक जॉन नट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना लेव्होडोपा सलाइनमधून, एकसारख्या वेगाने दिलं. म्हणजे जठर आणि आतडं यांचा प्रश्नच उरला नाही. तरीही प्रथिनयुक्त जेवणानंतर औषधाचा गुण उतरला, आणि रक्तातलं लेव्होडोपा मात्र कमी झालेलं नव्हतं. नुसतं फिनाइलॲलनिन, ल्युसिन किंवा आयसोल्युसिन दिलं तरी तेच झालं. ग्लायसिन आणि लायसिन तेवढ्याच प्रमाणात देऊन काही झालं नाही. इतक्या साध्या मांडणीतून इतकं स्वच्छ उत्तर क्वचित मिळतं. हा प्रयोग बाबांना जरूर सांगा, शिक्षक आहेत, त्यांना आवडेल.

कारण रेणूच्या घडणीत आहे. एलएटी-१ ला एकाच कार्बनवर बसलेले अमिनो आणि कार्बोक्सिल हे दोन्ही गट लागतात, आणि बाजूची साखळी मोठी व विद्युतभाररहित लागते. लायसिनच्या साखळीवर धनभार असतो, त्याचे वाहक वेगळे. ग्लायसिनला साखळी जवळजवळ नाहीच. डोपामाइनवर कार्बोक्सिल गट उरलेला नसतो, म्हणून त्याला या वाटेने प्रवेश नाही.

पण म्हणून ‘ल्युसिन नसलेली डाळ’ शोधू नका. डाळ, दूध, अंडी, मासे, सगळ्यांत ही मोठी उदासीन आम्लं असतातच. त्यामुळे प्रथिन कोणतं हे बदलून उपयोग नाही, ते कधी पोटात जातं हे बदलता येतं.

आता अदलाबदल. एसटीत खच्चून गर्दी असली की एक उतरल्याशिवाय दुसरा चढत नाही, तसं एलएटी-१ चं काम चालतं. एकूण संख्या तो वाढवत नाही, आत कोण आहे एवढंच बदलतो. संख्या वाढवतात ते शेजारचे सोडियमवर चालणारे वाहक. पेशी सोडियम-पोटॅशियम पंपावर एटीपी (पेशीतलं ऊर्जा पुरवणारं रसायन) खर्च करून सोडियम बाहेर ठेवते. ते आत घुसू पाहतं तेव्हा ग्लुटामिनसारख्या अमिनो आम्लाला सोबत ओढतं. मग साठलेलं ग्लुटामिन बाहेर देऊन एलएटी-१ ल्युसिन आत घेतो. म्हणजे ‘एल’ वाट थेट सोडियम वापरत नसली तरी तिची ताकद शेवटी सोडियमच्या उतारातूनच (बाहेर जास्त, आत कमी या फरकातूनच) येते. १९६३ मध्ये वेगळ्या काढलेल्या दोन वाटा पेशीत एकमेकींच्या आधाराने चालतात, हा मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

मेंदूच का? कारण तिथला वाहक अमिनो आम्लांना फार घट्ट धरतो. रक्तातल्या नेहमीच्या पातळीलाच तो बहुतेक भरलेला असतो, रिकाम्या जागा थोड्याच. त्यामुळे एकाची पातळी वाढली की दुसऱ्याचा वाटा लगेच घटतो. फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात आजार असलेल्या मुलांत फिनाइलॲलनिन रक्तात साचतं, तेव्हा इतर आम्लांची मेंदूतली आवक याच कारणाने कमी होते.

*

प्रतिसाद २

माझ्या सासूबाईंसाठी आहारतज्ज्ञांनी प्रथिनं कमी केली नाहीत, वाटणी बदलली. दिवसा भाकरी, भात, भाज्या, फळं, आणि डाळ, पनीर, दूध बहुतेक रात्रीकडे. दिवसाची चालफिर सुधारली. हे सगळ्यांना मानवत नाही, रात्री कूस बदलणं जड जाऊ शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारूनच करा. प्रथिनं तोडू मात्र नका, या आजारात वजन आणि स्नायू झपाट्याने जातात. बद्धकोष्ठाकडेही लक्ष ठेवा, पोट रिकामं व्हायला वेळ लागला की गोळी उशिरा चढते.

आणखी एक. कोणी खाजकुयलीचं चूर्ण सुचवलं तर स्वतःच्या मनाने देऊ नका. तिच्या बियांत लेव्होडोपाच असतं, ते याच वाटेने जातं आणि गोळीच्या मात्रेत भर घालतं.

*

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. सलाइनचा प्रयोग बाबांना वाचून दाखवला. ‘मग डाळ रात्री खाईन’ म्हणाले. पुढच्या भेटीत डॉक्टरांशी हेच बोलणार आहोत.

अजून एक विचारते. सकाळच्या गोळीबरोबर त्यांना अर्धा कप दुधाचा चहा लागतोच. एवढ्याशा दुधाने गोळी उशिरा चढल्याचा अनुभव कोणाला आहे का, की तिथेही कोरा चहाच बरा?