शेगडी उचलती असली तरी विस्तव तोच

‘जमिनीवर शेकोटी पेटवू नये’ असा कॅम्पचा नियम असताना पाय असलेली लोखंडी शेगडी मुंबईहून सोबत नेलेली चालेल का, असा प्रश्न विचारला गेला आहे. पवनेच्या काठी किंवा कर्जतला खासगी जागेत हा निर्णय जागामालकाचा असतो, तेव्हा आधीच विचारून घ्यावे. राखीव वनात मात्र भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार वनाला धोका होईल अशा रीतीने, नियम मोडून विस्तव पेटवणे किंवा तो पेटता सोडून जाणे हा गुन्हा आहे, आणि तो शेगडीत होता ही सबब तिथे उपयोगी पडेल असे मला वाटत नाही.

शेगडीमुळे जमीन कमी भाजते हे खरे. पण ठिणग्या उडायच्या त्या उडतातच, आणि फेब्रुवारीनंतर सह्याद्रीच्या उतारांवरचे गवत अगदी वाळून गेलेले असते. उथळ शेगडीचा तळ तापून खालचे गवतही धुमसू शकते, म्हणून ती कातळावर किंवा उघड्या मातीवरच ठेवावी. विझत आलेले निखारेही तंबूत नेऊ नयेत, कारण त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. राखेत पाणी घालून, ती ढवळून, हाताला गार लागल्यावरच शेगडी उचलावी. (कोमट शेगडी डिकीत ठेवण्याचा प्रताप मी एकदा केला आहे, मॅटला पडलेले भोक अजून तसेच आहे.)